अवकल समीकरणातला तो ‘+ स’: कुठे लिहायचा, कुठे नाही

उत्तराच्या शेवटी ‘+ स’ लिहिला नाही तर अर्धा मार्क जातो, एवढीच बऱ्याच जणांची या स्थिरांकाशी ओळख असते. मग तो सगळं गणित उरकल्यावर, जाता जाता, शेवटच्या ओळीला चिकटवला जातो. साध्या समाकलनात, म्हणजे नुसत्या इंटिग्रेशनमध्ये, हे खपून जातं. अवकल समीकरणं, आपण ज्यांना सर्रास डिफरन्शियल इक्वेशन्स म्हणतो ती, सुरू झाली की खपत नाही. तिथे ‘स’ कुठल्या ओळीत आला यावर उत्तराचा आकार ठरतो. ओळ चुकली तर उत्तरच चुकतं.

आधी चिन्हं ठरवून घेऊ. क्ष हे स्वतंत्र चल, य हे क्ष वर अवलंबून असणारं चल. य′ म्हणजे य चा पहिला अवकलज आणि य″ म्हणजे दुसरा. स, अ, ब हे स्वेच्छ स्थिरांक. ई म्हणजे २.७१८… ही नेहमीची संख्या आणि लॉग म्हणजे ई या पायाचा लॉग. वहीत तुम्ही तुमच्या सवयीची अक्षरं घ्या, काही बिघडत नाही.

तो येतो कुठून

य′ = २क्ष हे समीकरण घ्या. य = क्ष² हे त्याचं उत्तर आहे, य = क्ष² + ७ हेही आहे आणि य = क्ष² − १००० हेही. अवकलन करताना स्थिर संख्येचं शून्य होतं, म्हणजे थोडी माहिती पुसली जाते. उलट्या वाटेने परत येताना ती माहिती समीकरणात नसतेच. गाडीच्या स्पीडोमीटरची क्षणाक्षणाची नोंद हातात असली तरी गाडी किती पुढे सरकली तेवढंच सांगता येतं. ती निघाली कुठून हे त्या नोंदीत कुठेच नसतं. ‘स’ ही त्या माहितीसाठी राखलेली मोकळी जागा आहे.

पण सगळी उत्तरं फक्त स्थिर संख्येच्याच फरकाने वेगळी असतात, हे कशावरून? मध्यमूल्य प्रमेयावरून. ज्या फलाचा, म्हणजे फंक्शनचा, अवकलज एखाद्या सलग पट्ट्यात सगळीकडे शून्य आहे, ते फल त्या पट्ट्यात स्थिर असतं. यातला ‘सलग’ हा शब्द वाचताना निसटतो आणि नंतर त्रास देतो. य′ = १/क्ष चं उत्तर आपण य = लॉग|क्ष| + स असं लिहितो. पण क्ष = ० ला समीकरणाला अर्थच नाही, त्यामुळे रेषेचे दोन तुकडे पडतात. उजव्या तुकड्यावर लॉग|क्ष| + ५ आणि डाव्या तुकड्यावर लॉग|क्ष| − २ असं घेतलं तरी समीकरण बिनतक्रार सुटतं. खरं तर इथे दोन स्थिरांक आहेत, प्रत्येक तुकड्याला एक. एकच ‘स’ लिहून सहसा अडत नाही, कारण सुरुवातीची अट कुठल्या तरी एका बाजूची असते आणि आपणही त्याच बाजूला राहतो.

स्वेच्छ स्थिरांक आणि समीकरणातला स्थिरांक यांतही गल्लत होते. कार्बन-१४ च्या क्षयाचं समीकरण न′ = −लन असं आहे. न म्हणजे ट या वेळी उरलेल्या अणूंची संख्या. उत्तर येतं न = अ·ई^(−लट). ल आणि अ दोन्ही स्थिरच, पण त्यांचा दर्जा वेगळा. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे अणू निम्मे उरायला लागणारा वेळ, सुमारे ५७३० वर्षं आहे, म्हणून ल = लॉग २ ÷ ५७३०, म्हणजे दर वर्षी साधारण ०.०००१२१. लाकडाचा तुकडा असो की हाड, ल तोच, कारण तो कार्बन-१४ चा गुणधर्म आहे. अ मात्र नमुन्यागणिक बदलतो, कारण तो त्या नमुन्यात सुरुवातीला किती अणू होते ते सांगतो. सुरुवातीची अट वापरून आपण शोधतो तो अ. ल समीकरणाबरोबर आलेला असतो, सोडवताना तो तसाच पुढे न्यायचा.

जिथे समाकलन, तिथेच स्थिरांक

आता मुख्य नियम. ज्या ओळीत समाकलन केलं त्याच ओळीत ‘स’ लिहायचा आणि पुढच्या प्रत्येक क्रियेत त्याला बरोबर घ्यायचं. हे समीकरण पाहा:

क्षय′ + य = २क्ष

डावी बाजू म्हणजे क्षय या गुणाकाराचा अवकलज. म्हणून (क्षय)′ = २क्ष. समाकलन केलं की क्षय = क्ष² + स. आता क्ष ने भागा:

य = क्ष + स/क्ष

‘स’ लाही क्ष ने भागलं गेलं. घाईत आधी क्षय = क्ष² लिहिलं, भागून य = क्ष मिळवलं आणि मग आठवण झाली म्हणून ‘+ स’ जोडला, तर य = क्ष + स मिळतं. ते मूळ समीकरणात टाकून बघा. डावी बाजू क्ष·१ + क्ष + स, म्हणजे २क्ष + स. उजवी बाजू २क्ष. स शून्य असेल तरच जुळतं. सगळी उत्तरं सांगायला जोडलेल्या स्थिरांकामुळे एक सोडून बाकीची सगळी चुकली.

याची दुसरी बाजू म्हणजे तो कुठे लिहायची गरज नाही ते. दोन्ही बाजूंचं समाकलन केलं की खरं तर दोन्हीकडे एकेक स्थिरांक येतो. डावीकडचा उजवीकडे नेला की दोघांची वजाबाकी हा पुन्हा एकच स्थिरांक, म्हणून एकच लिहितात. य′ + प(क्ष)य = र(क्ष) या प्रकारात समाकलन-गुणक काढताना, म्हणजे ज्याला वर्गात इंटिग्रेटिंग फॅक्टर म्हणतात तो (ई च्या घातांकात प(क्ष) चं समाकलन) काढताना, स्थिरांक लिहीत नाहीत. का, असा प्रश्न हमखास येतो. लिहून बघा. घातांकात ‘+ म’ आला की सगळा गुणक ई^म पट होतो. तो समीकरणाच्या दोन्ही बाजूंना गुणला जातो आणि लगेच कटतो. आपल्याला चालणारा एक गुणक हवा असतो, सगळे नकोत. तिथे स्थिरांक लिहिला तर चूक होत नाही, कागद वाया जातो इतकंच.

नाव बदलणं: सोय आहे, पण हिशेब ठेवावा लागतो

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून एक उदाहरण सावकाश करू. य′ = ३य.

य ने भागलं: य′/य = ३. समाकलन: लॉग|य| = ३क्ष + स. दोन्ही बाजू ई च्या घातांकात नेल्या:

|य| = ई^(३क्ष + स) = ई^स · ई^(३क्ष)

पुढच्या ओळीत पुस्तक एकदम य = अ·ई^(३क्ष) लिहून मोकळं होतं. मधे तीन गोष्टी घडून गेलेल्या असतात. पहिली, ई^स ही संख्या नेहमी धन असते, स काहीही घ्या. दुसरी, |य| मधल्या उभ्या रेघा काढल्या की य = +ई^स·ई^(३क्ष) किंवा य = −ई^स·ई^(३क्ष). हे उत्तर कुठेच शून्य होत नाही आणि सलग आहे, त्यामुळे त्याचं चिन्ह अधेमधे बदलू शकत नाही. म्हणून एका उत्तरासाठी एकच चिन्ह. ±ई^स ला अ म्हटलं तर अ ही शून्य सोडून कुठलीही संख्या असू शकते. तिसरी गोष्ट, सुरुवातीलाच आपण य ने भागलं होतं, म्हणजे य = ० ही शक्यता न सांगता बाजूला टाकली होती. तपासलं तर य = ० हेही उत्तर आहे: ० = ३·०. ते अ = ० घेतल्यावर मिळतं. आता कुठे ‘अ ही कोणतीही संख्या’ असं म्हणायचा हक्क मिळाला.

दरवेळी एवढं लिहीत बसायचं का? नाही. पण एकदा तरी स्वतःच्या हाताने लिहावं, म्हणजे पुढे कुठे सांभाळायचं ते कळतं.

२स ला स म्हणणं, −स ला स म्हणणं, स + ४ ला स म्हणणं हे सगळं बिनधास्त चालतं, कारण स सगळ्या संख्यांवर फिरला की २स, −स आणि स + ४ सुद्धा सगळ्या संख्यांवर फिरतात. स² ला मात्र तसं म्हणता येत नाही, कारण स² कधी ऋण होत नाही. यय′ = क्ष सोडवून य² − क्ष² = स मिळतं. कुणी दिसायला बरं म्हणून उजवीकडे स² लिहिलं की अर्धे अतिपरवलय गायब: डावी-उजवीकडे उघडणारे, ज्यांना उजवीकडे ऋण संख्या लागते ते. उलट यय′ = −क्ष मधून क्ष² + य² = स येतं आणि तिथे स² लिहिणं शहाणपणाचं, कारण वर्तुळ मिळायला उजवी बाजू धनच हवी. लॉगच्या गणितात ‘+ स’ ऐवजी ‘+ लॉग स’ लिहायची पद्धत आहे. ती सोयीची आहे खरी, पण मग स > ० ही अट आपोआप लागते आणि चिन्हाचा हिशेब वेगळा करावा लागतो.

एक गोष्ट कधीच चालत नाही: चल पोटात घेणं. स·क्ष ला ‘नवा स’ म्हणता येत नाही, स/क्ष लाही नाही. ई^(क्ष + स) चं अ·ई^क्ष होतं, ई^क्ष + स होत नाही. वाचताना हे हास्यास्पद वाटतं, पण पेपरात तिसऱ्या पानावर घाईत असं होतं. आणि एकदा अटीवरून स ची किंमत निघाली की नाव बदलायचा खेळ संपला. आता ती ठरलेली संख्या आहे. २स ला स म्हणायचं असेल तर ते किंमत काढण्याआधी.

भागाकारात हरवलेली उत्तरं

वरच्या उदाहरणात य = ० हरवलं आणि अ = ० मधून सापडलं. दरवेळी असं नशीब नसतं. लोकसंख्यावाढीसाठी पिएर व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडलेलं समीकरण, सगळ्यात साध्या रूपात:

य′ = य(१ − य)

य म्हणजे कमाल मर्यादेच्या किती भाग लोकसंख्या झाली आहे ते. चलं वेगळी करायची तर य(१ − य) ने भागावं लागतं, म्हणजे य = ० आणि य = १ ही दोन स्थिर उत्तरं आधीच वगळली जातात. पुढे य/(१ − य) = अ·ई^क्ष येतं, आणि त्यावरून

य = अ·ई^क्ष / (१ + अ·ई^क्ष)

अ = ० घातलं की य = ० परत आलं. य = १ मात्र अ ची कुठलीही किंमत घेऊन येत नाही. आता अंश आणि छेद दोन्हींना अ·ई^क्ष ने भागा आणि १/अ ला ब म्हणा:

य = १ / (१ + ब·ई^(−क्ष))

यात ब = ० घेतलं की य = १ मिळतं, पण आता य = ० बेपत्ता. समीकरण तेच, उत्तरांचं कुटुंब तेच, आणि लिहायची तऱ्हा बदलली तर हरवणारं उत्तर बदललं! म्हणून ‘सर्वसाधारण उत्तर’ या नावावर विसंबू नये. ज्याने भागलं ते शून्य झालं तर काय होईल, हे दरवेळी मूळ समीकरणात घालून तपासावं आणि सापडलेलं उत्तर वेगळं नोंदवावं.

काही उत्तरं तर कुटुंबात बसतच नाहीत. क्लेरो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातलं, १७३४ च्या त्यांच्या कामातून आलेलं, हे समीकरण बघा: य = क्षय′ − (य′)². य′ च्या जागी सरळ स लिहिला की उत्तर मिळतं, य = सक्ष − स². प्रत्येक स साठी एक सरळ रेषा. पण य = क्ष²/४ हा परवलयही उत्तर आहे: त्याचा य′ = क्ष/२, म्हणून उजवी बाजू क्ष²/२ − क्ष²/४ = क्ष²/४. हा परवलय कुठल्याही स ने मिळत नाही. त्या सगळ्या रेषा त्याच्या स्पर्शरेषा आहेत. अशा उत्तराला विशिष्ट उत्तर न म्हणता एकल किंवा सिंग्युलर उत्तर म्हणतात, कारण विशिष्ट उत्तर म्हणजे स ला किंमत देऊन मिळालेलं.

आणखी एक फसवं समीकरण: य′ = २√य, अट य(०) = ०. सोडवलं की य = (क्ष − स)² येतं, तेही फक्त क्ष ≥ स साठी. य = ० हेही उत्तर. आणि दोघांची सांगडही चालते: क्ष = ३ पर्यंत शून्य, पुढे (क्ष − ३)². ३ च्या जागी ८ घ्या, १०० घ्या, तरी चालतं. म्हणजे अट दिलेली असूनही उत्तरं अगणित! √य चा य च्या सापेक्ष बदलाचा दर शून्यापाशी अनंत होतो, आणि ‘एका बिंदूतून एकच उत्तर’ सांगणारं प्रमेय तिथे लागू पडत नाही. दोष स्थिरांकाचा नाही.

किती स्थिरांक हवेत

साधारण नियम असा की समीकरण जितक्या कोटीचं, म्हणजे त्यातला सगळ्यात वरचा अवकलज जितकावा, तितके स्थिरांक. य″ = ६क्ष घ्या. एकदा समाकलन: य′ = ३क्ष² + अ. पुन्हा: य = क्ष³ + अक्ष + ब. पहिल्या समाकलनात आलेल्या अ ला दुसऱ्या समाकलनात क्ष ने गुणलं गेलं, हे बघण्यासारखं आहे. दोन्ही वेळा सवयीने एकच ‘स’ लिहिला तर य = क्ष³ + सक्ष + स मिळतं आणि दोन स्वतंत्र मोकळ्या जागांची एकच होते. य(०) = १ आणि य′(०) = ५ या अटी मग पूर्ण होऊच शकत नाहीत.

हाच प्रकार वर फेकलेल्या चेंडूचा. उंची उ, उ″ = −ग, आणि उ = −½गट² + अट + ब. ग म्हणजे गुरुत्वत्वरण, ट म्हणजे वेळ. अ म्हणजे हातातून सुटतानाचा वेग, मीटर प्रति सेकंदात. ब म्हणजे सुटतानाची उंची, मीटरमध्ये. स्थिरांकांनाही एककं असतात आणि ती तपासण्याची सवय लावून घ्यावी. बेरजेतल्या प्रत्येक पदाचं एकक एकच यायला हवं, त्यामुळे चुकीच्या ठिकाणी जोडलेला स्थिरांक एककावरूनच पकडला जातो.

अक्षरं मोजून भागत नाही. य = अ·ई^(क्ष + ब) मध्ये दोन अक्षरं आहेत, पण अ·ई^ब हा एकच स्थिरांक आहे. उलट य″ + य = ० चं उत्तर अ·कोसाइन क्ष + ब·साइन क्ष असं लिहा किंवा र·कोसाइन(क्ष − थ) असं लिहा, दोन्हींत खरोखरचे दोन स्थिरांक आहेत. अ = र·कोसाइन थ, ब = र·साइन थ. सुरुवातीच्या अटी दिल्या असतील तर पहिलं रूप हाताला सोपं पडतं, आंदोलनाचा आवाका किती हे विचारलं असेल तर दुसरं.

उलटा प्रवासही याच मोजणीवर चालतो. प्रतलावरचं कुठलंही वर्तुळ सांगायला तीन संख्या लागतात, केंद्राच्या दोन आणि त्रिज्येची एक. म्हणून सगळ्या वर्तुळांचं मिळून जे अवकल समीकरण बनतं ते तिसऱ्या कोटीचं. लंबछेदी वक्र काढताना हेच विसरलं जातं. य = सक्ष² या परवलयांना काटकोनात छेदणारे वक्र हवे आहेत. य′ = २सक्ष लिहून लगेच उताराचा उलटा आणि ऋण घेतला तर स आत राहतो आणि पुढचं सगळं फसतं. आधी स घालवायचा: स = य/क्ष², म्हणून य′ = २य/क्ष. आता य′ = −क्ष/२य सोडवा, क्ष² + २य² = ब ही लंबवर्तुळं मिळतात.

किंमत कधी काढायची

पहिल्या कोटीत साधारणपणे शेवटी काढली तरी चालतं. दुसऱ्या कोटीत, विशेषतः समीकरण रेषीय नसेल तर, हाती आला की लगेच. य″ = २यय′, अटी य(०) = ० आणि य′(०) = १.

उजवी बाजू य² चा अवकलज आहे, म्हणून य′ = य² + अ. इथे थांबा. अ ठेवून पुढे गेलात तर तीन वाटा फुटतात: अ धन असेल तर उत्तरात टॅन येतो, शून्य असेल तर −१/(क्ष + ब), ऋण असेल तर हायपरबोलिक फलं. पण अटी आत्ताच वापरल्या तर १ = ० + अ, म्हणजे अ = १. तीनपैकी दोन वाटा बंद. य′ = य² + १ वरून य = टॅन(क्ष + ब), आणि य(०) = ० वरून ब = ०. उत्तर य = टॅन क्ष, तेही −पाय/२ ते पाय/२ याच पट्ट्यात. पहिलं समाकलन होताच अट वापरल्याने पानभर काम वाचलं.

घाईचा उलटा धोकाही आहे. य′ + य = ३, य(०) = ५. उजवीकडे शून्य धरून य = स·ई^(−क्ष) मिळालं की लगेच स = ५ काढायचा मोह होतो. मग ३ जोडून य = ३ + ५ई^(−क्ष). क्ष = ० ला ८ आले! अट पूर्ण उत्तराची आहे, त्याच्या एका तुकड्याची नाही. आधी य = ३ + स·ई^(−क्ष), मग ५ = ३ + स, म्हणून स = २.

अटी दोन टोकांवर दिल्या असतील तर स्थिरांक निघेलच याची हमी नाही. य″ + य = ० मध्ये य(०) = ० घेतलं की य = ब·साइन क्ष उरतं. दुसरी अट य(पाय) = ० असेल तर ब काहीही चालतो. ती य(पाय) = १ असेल तर एकही ब चालत नाही. दोन अज्ञातं आणि दोन अटी एवढ्यावर निर्धास्त राहू नये ते यासाठी.

पुस्तकातलं उत्तर जुळत नाही तेव्हा

य′ = २·साइन क्ष·कोसाइन क्ष चं उत्तर तुमचं आलं साइन²क्ष + स, मागे छापलंय −½·कोसाइन २क्ष + स. दोन्ही बरोबर. दोन्ही फलांची वजाबाकी करा, ती ½ येते, आणि ती स मध्ये जिरते. दोन्हीकडचे ‘स’ मात्र एकच नाहीत. उत्तर खोडायच्या आधी ही वजाबाकी करून बघावी, आणि त्याहून भरवशाचं म्हणजे आपलं उत्तर स सकट मूळ समीकरणात घालावं. स पूर्णपणे कटला पाहिजे.

स्थिरांक जेव्हा स्थिर राहत नाही

चलं दोन झाली की स्थिरांकाचा अर्थच रुंदावतो. (२क्षय + ३) + (क्ष² + २य)य′ = ० हे अचूक प्रकारचं, म्हणजे एक्झॅक्ट, समीकरण. असं फ(क्ष, य) शोधायचं की य धरून ठेवून क्ष च्या सापेक्ष अवकलन केलं तर पहिला कंस मिळेल आणि क्ष धरून ठेवून य च्या सापेक्ष केलं तर दुसरा. पहिल्यावरून फ = क्ष²य + ३क्ष + ग(य). इथे नुसता ‘+ स’ पुरत नाही, कारण क्ष च्या सापेक्ष अवकलन करताना य चं कुठलंही फल शून्य होतं. पुसली गेलेली माहिती एका संख्येएवढी नाही, अख्ख्या फलाएवढी आहे. दुसऱ्या कंसाशी ताडून ग′(य) = २य, म्हणून ग = य² आणि उत्तर क्ष²य + ३क्ष + य² = स. आंशिक अवकल समीकरणांत, म्हणजे एकाहून जास्त स्वतंत्र चलं असलेल्या समीकरणांत, हेच ठळक होतं. दालांबेर यांनी १७४७ मध्ये ताणलेल्या तारेच्या कंपनाचं जे उत्तर दिलं, फ(क्ष − वट) + ग(क्ष + वट), त्यात (व म्हणजे तारेवरच्या लहरीचा वेग, ट म्हणजे वेळ) स्थिरांकांच्या जागी दोन स्वेच्छ फलंच बसली आहेत.

लाग्रांज यांच्या पद्धतीत तर स्थिरांक मुद्दाम सैल सोडतात. य′ + य = क्ष. उजवीकडे शून्य धरलं तर य = स·ई^(−क्ष). आता स हा स्थिर नसून क्ष चं फल आहे असं समजा आणि मूळ समीकरणात घाला. स असलेली दोन पदं एकमेकांना कापतात आणि स′·ई^(−क्ष) = क्ष उरतं. म्हणून स′ = क्ष·ई^क्ष, स = (क्ष − १)ई^क्ष + अ, आणि य = क्ष − १ + अ·ई^(−क्ष). शेवटी जो अ आला तो मात्र खरा स्थिरांक.

ही युक्ती खगोलशास्त्रात फार कामी आली. सूर्य आणि एकच ग्रह एवढंच धरलं तर ग्रहाची गती सांगायला सहा स्थिरांक लागतात, कारण तीन दिशांना प्रत्येकी स्थान आणि वेग. कक्षेचा आकार, तिचा कल, सूर्याला सगळ्यात जवळचा बिंदू कुठल्या दिशेला, हे सगळं त्या सहांत येतं. बाकीचे ग्रह ओढत असल्याने हे सहा ‘स्थिरांक’ हळूहळू बदलतात, आणि किती बदलतात त्याचा हिशेब याच पद्धतीने मांडतात. बुध ग्रहाच्या बाबतीत यातला एक, सूर्यासमीप बिंदूची दिशा, हिशेबापेक्षा जास्त सरकत होता. ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये ते दाखवून दिलं. ही जादा सरक आज शतकाला सुमारे ४३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मोजली जाते. अज्ञात ग्रहापासून अनेक कारणं सुचवली गेली, पण १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने ती बरोबर काढून दिली. तिथे बदल करावा लागला तो मूळ समीकरणातच.